नववी ओळ, दोन्ही हात खिशात

प्लम रिव्हर कॉलेज, नेब्रास्का
सोमवार, ६ नोव्हेंबर १९७८

प्रिय डॅड,

मी मजेत आहे, खोकला गेला, मॉमने पाठवलेले लोकरी मोजे पोचले. दालचिनीचे रोलही पोचले, पण माझ्या वाट्याला दोनच आले. बाकीचे वसतिगृहातल्या मुलींनी चिलीच्या तिखट रश्शात बुडवून फस्त केले. मॉमला सांगा, पुढच्या वेळी डब्यावर 'औषध' असं लिहून पाठव.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "हं" म्हणता आणि मॉमच्या हातात देता. आणि मला जे सांगायचंय ते "हं"मध्ये मावणारं नाही. डॅड, मला सापडलंय! आपल्या फुटबॉल संघातली मुलं पळणाऱ्याला का थांबवू शकत नाहीत ते मला सापडलंय!

तुम्ही पेपरात वाचलंच असेल. शनिवारी पुन्हा हरलो. चेंडू फेकून समोरच्या संघाला काही म्हणजे काही मिळालं नाही. पण चेंडू काखेत मारून जो पळाला तो थेट मधून. दोनशे ऐंशी यार्ड! सलग तिसरा सामना असा. कोच डेटमर मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडत होते, "अरे, गोठ्याचं दार उघडं टाकून झोपलात का रे सगळे!" काल सगळ्या कोचांनी मिळून फिल्म चार वेळा पाहिली. एक म्हणाला, पुढची पोरं वजनाने कमी पडतात. दुसरा म्हणाला, वजनाचं काय घेऊन बसलात, पोरांत दमच नाही. शेवटी डेटमर म्हणाले, "मधे कोण उभा आहे? वेस हॅवरकॅम्प. प्रत्येक वेळी अर्धं पाऊल उशिरा. येत्या शनिवारी पहिल्या पंधरा मिनिटांत मधून कोणी पळालं, तर वेस बाकावर." मी प्रोजेक्टरपाशीच उभी होते. त्यांच्या लक्षातही आलं नाही की ही त्याची बहीण आहे.

हा त्याचा शेवटचा सामना आहे, डॅड. चौथं वर्ष. यानंतर तो आयुष्यात कधी हेल्मेट घालणार नाही. आणि तो बाकावर बसून संपणार?

आता ऐका. ओमाहाहून फिल्म धुऊन आली की ती कापून जोडायचं काम माझं. कॅमेरा नेहमी जरा आधी सुरू होतो. खेळाडू नुसते वाकून उभे असतात, तो भाग कोचांना नको असतो, म्हणून मी तो कापून टोपलीत टाकते. म्हणजे त्यांना चेंडू हलल्यापासून पुढचं दिसतं. आधीचं फक्त मला दिसतं. आज सकाळी ती टोपली उपसली आणि एकेक तुकडा भिंगाखाली धरला. मोजलंसुद्धा. दर वेळी, चेंडू हलायच्या ऐन आधी, वेसचं हेल्मेट वळतं. फिल्मच्या बारा चौकटी. अर्धा सेकंद. समोरचा चेंडू फेकणार असेल तर अर्ध्या सेकंदाने काही बिघडत नाही. पळणार असेल तर तेवढ्यात खेळ खलास.

मी आनंदाने खुर्चीवर उभी राहिले होते. मग तो वळून कुठे बघतो ते पाहिलं, आणि खाली बसले.

पूर्वेचा स्टँड, नववी ओळ, पायऱ्यांपासून तिसरी जागा.

तुमची जागा, डॅड. रिकामी.

तुम्ही हे पत्र आता टेबलावर ठेवाल आणि गाडीच्या किल्ल्या शोधाल, मला माहीत आहे. थांबा. पूर्ण वाचा. तुमच्या त्या खुणा, टोपीला हात म्हणजे चेंडू उजवीकडून, कमरेला हात म्हणजे डावीकडून. आपल्या गावच्या शाळेत चार वर्षं तुम्ही त्याचे कोच म्हणून, आणि इथे तीन वर्षं नवव्या ओळीतून. समोरच्या गार्डचं, म्हणजे त्यांच्या पुढच्या रांगेतल्या गड्याचं, बूड किती वर आहे ते बघून तुम्ही ओळखता, आणि तुमचं सहसा चुकत नाही. पण वेसला तुम्ही गार्डकडे बघायला शिकवलं नाहीत. तुमच्याकडे बघायला शिकवलंत.

लिहून टाकलं. बरं वाटलं नाही.

आणि सप्टेंबरात त्याने पार्किंगमध्ये तुम्हाला सांगितलं ना, की डॅड, तुम्ही येऊ नका, मला माझं खेळू द्या? तुम्ही जेवायलाही न थांबता नव्वद मैल परत गेलात. ते त्याच्या डोक्यात मी घातलं होतं. पोरी त्याला 'बापाची कठपुतळी' म्हणतात, असं मीच त्याला जाऊन सांगितलं. एकच पोरगी म्हणाली होती, तीही एकदाच. का सांगितलं? तीन वर्षं मी तुमच्या शेजारी बसून शेंगदाणे सोलले, डॅड, आणि तुम्ही ते माझ्याकडे न बघता खाल्लेत. म्हणून.

वेसला येतं सगळं. आज दुपारी मी त्याला प्रोजेक्टरच्या खोलीत ओढून नेलं. चेंडू हलायच्या आधी फिल्म थांबवायची आणि विचारायचं, "सांग, कुठून?" तो म्हणाला, "हा काय पोरखेळ आहे, कॉर्की?" पण विसापैकी सतरा बरोबर! ते तुकडे त्याचेच आहेत हे सांगितलं, पण कशासाठी विचारतेय ते नाही सांगितलं.

म्हणून शनिवारी या. तुमच्याच जागेवर बसा. ती रिकामी असली की तो तुम्हाला शोधत राहतो. तुम्ही दिसलात आणि तुमचे दोन्ही हात खिशात दिसले, की त्याला कळेल की आता उत्तर तिथून येणार नाही. दोन्ही हात, डॅड. टोपी खाजली तरी.

तुम्हाला नव्वद मैल येऊन काहीच न करायला सांगणारी,
कॉर्की


रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

प्रिय डॅड,

आवाज बसलाय म्हणून लिहितेय.

चौदा-दहा! तुम्ही होतात, तुम्हाला काय सांगायचं, तरी सांगणारच. समोरच्या स्टँडवरच्या खोलीतून, कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून मी दुर्बिणीने आधी तुम्हालाच शोधलं. नववी ओळ, तपकिरी कोट, हात खिशात. मॉमने मला सांगितलंय की तुम्ही मध्यंतरातही हात बाहेर काढले नाहीत आणि तिला तुम्हाला चिली चमच्याने भरवावी लागली, आणि मागची ओळ हसत होती. मी तर हसून हसून रडले.

आज टोपलीतले सगळे तुकडे पाहिले. पहिल्यांदा तो वळला, बारा चौकटी. दुसऱ्यांदा नऊ. तिसऱ्यांदा चार. त्यानंतर एकदाही नाही, डॅड. उरलेल्या अख्ख्या सामन्यात एकदाही नाही! पळून त्यांना जेमतेम सत्तर यार्ड मिळाले. डेटमर आज म्हणाले, "दार कुणी लावलं रे?" आणि मी गप्प बसले. माझ्यासाठी ते किती अवघड आहे ते तुम्ही जाणता.

आता शेवटचा डाव. चाळीस सेकंद उरलेले, त्यांचा चौथा आणि अखेरचा प्रयत्न, एक यार्ड हवं. ते मिळालं असतं तर आपण संपलोच होतो. त्याच्या आधीचा तुकडा मी कोचांना दाखवला नाही, वेसलाही नाही. सोबत पाठवतेय. स्वयंपाकघरातल्या दिव्यासमोर धरा. पुढे वेस आहे, नजर सरळ गार्डवर. मागे, वरच्या कोपऱ्यात, तपकिरी कोट. तुमचा उजवा हात खिशातून बाहेर आलाय आणि टोपीला लागलाय.

टोपी म्हणजे उजवीकडून. चेंडू डावीकडून आला. वेस तिथे आधीच पोचला होता.

मी रागावलेली नाही. तुम्ही अख्खी दुपार हात आवरलात आणि शेवटच्या क्षणी ते जमलं नाही, हे मला फार आवडलं. तो तुकडा कितीदा पाहिला ते सांगत नाही. फक्त एक सांगा, नंतर पिकअपपाशी तुम्ही दोघं इतका वेळ काय बोलत होतात? वेसला विचारलं तर म्हणतो, "डॅड मला विचारत होते की मी कसं ओळखलं." आणि एवढं सांगून तो तोंड फिरवून नाक पुसतो.

पुढच्या वर्षी वेस नसेल. मी असेन, वरच्या खोलीत, डावीकडची खिडकी. तरी नवव्या ओळीत या. सामना सुरू व्हायच्या आधी एकदा वर बघा आणि टोपीला हात लावा. अर्थ काही नसला तरी चालेल.

वाट बघणारी,
तुमची कॉर्की