ताईकडून एक नवीन ऑर्डर

२ मार्च, सोमवार. सकाळी ९.
आजपासून दुकान ऑनलाइन. छत्तीस वर्षं साहेबांच्या डायऱ्या लिहिल्या, स्वतःची लिहायला निवृत्तीनंतर सवड मिळाली. नोंद व्यवस्थित हवी. उद्या कुणी विचारलं, ही भरभराट नेमकी कधी सुरू झाली, तर तारीख हाताशी असावी.

परिस्थिती अशी. ताईला जाऊन चार महिने झाले. तिचं बटणांचं दुकान तेव्हापासून बंद. गाळा अर्धा माझा, अर्धा भाचीचा, म्हणजे आमच्या भावाच्या मुलीचा. तिला तो विकायचाय. मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही. तर म्हणे, आत्या, दुकान चाललं तर ठेवू की, पण तू आयुष्यात कधी काउंटरमागे उभी राहिली आहेस का? बोलणं गोड, टोमणा कडू. अगदी आईवर गेली आहे.

शेवटी ठरलं ते असं: ३१ मार्चपर्यंत ऑनलाइन पंचवीस ऑर्डरी आल्या तर गाळा राहील, नाहीतर मी मुकाट्यानं सही करायची. परत आलेला माल धरायचा नाही, असंही ती काहीतरी पुटपुटली. परत कशाला येईल?

पंचवीस म्हणजे आठवड्याचं काम. दहा दिवस धरू.

३ मार्च.
दुकानाची व्यवस्था लावली. ताईच्या कारभाराला व्यवस्था हा शब्द शोभत नाही. दोनशे बारा बरण्या. कोटाच्या बटणांशेजारी बाळाच्या झबल्याची, त्यांच्याशेजारी उशीच्या अभ्र्याची. प्रत्येक झाकणावर चिंधीला टाचलेलं एक बटण, आणि खाली तिच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात काहीबाही. ‘उंच शिंपी, जाड.’ ‘नर्सबाई, मागच्यासारखी.’ ‘लग्नातला निळा, थोरलीचा.’ ह्याला कॅटलॉग म्हणतात?

सगळ्या चिंध्या कात्रीनं कापून टाकल्या. बरण्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावल्या. ॲम्बर, बेज, ब्लॅक, ब्लू. आमच्या इंग्रजी शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, जिथे क्रम तिथे परमेश्वर.

संध्याकाळी दारातून वळून पाहिलं तर दुकान ओळखू येईना. दुसऱ्या कुणाच्या तरी घरात आल्यासारखं वाटलं. प्रगती अशीच दिसते.

५ मार्च. दुपारी ४.
वेबसाइट सुरू. संपर्काला ताईचाच नंबर दिला, कारण पाटीवर तोच रंगवलेला आहे आणि पाटी रंगवणारा भेटत नाही. तिचा फोन दुकानाच्या खणात चार्जिंगला असतो. बंद का केला नाही, असं भाचीनं दोनदा विचारलं. दोनदा विषय बदलला.

चारला पाच मिनिटं असताना माझा फोन वाजला. स्क्रीनवर ‘ताई’. खाली मेसेज: ‘तुमच्या दुकानात एक नवीन ऑर्डर आली आहे.’

चहा साडीवर सांडला.

भाचीला फोन केला. तिनं समजावलं की साइट दुकानाच्या नंबरावरून मालकाला आपोआप कळवते, आणि माझ्या फोनमध्ये तो नंबर ताईच्या नावानं आहे, एवढंच. नाव बदलून टाक म्हणाली. बदलते म्हटलं. सवड झाली की.

ऑर्डर एका निवृत्त नर्सबाईंची. दोन डझन हुक. ह्यांना मी हुकवाली म्हणणार. एक झाली, चोवीस राहिल्या.

९ मार्च.
मालाची वर्णनं लिहिली. ‘बटण’ हा शब्द टाळला. बटण कुणीही विकतं. ‘एक्स्क्विझिट फोर-होल फास्टनर इन आयव्हरी’ असं लिहिलं की गिऱ्हाईक जरा ताठ बसतं. भाची म्हणते, आत्या, लोक ‘पांढरं बटण’ असंच शोधणार. लोकांना वळण लावावं लागतं.

माल परत करण्याचे नियमही टाकले. ‘परत करणाऱ्याने सबळ कारण लेखी द्यावे. हस्ताक्षर सुवाच्य असावे.’

फोटो मात्र सगळे वाया गेले. प्रत्येक बरणीच्या काचेत मागे ताई उभी. चष्मा नाकाच्या टोकावर, मान डावीकडे कललेली. तीन वेळा काढले, तीनदा ती होतीच. चौथ्यांदा मागे हळूच हात नेऊन चाचपलं. कुणी नव्हतं. मग मान सरळ केली, तर काचेतलीनंही केली. म्हणजे मीच.

अपमानास्पद आहे. माझे केस इतके पातळ नाहीत.

११ मार्च.
‘ताई’कडून दोन ऑर्डरी. एकूण सहा.

हुकवालीचा चॅटवर निरोप: ‘ताई, झग्याची बटणं मागच्यासारखीच पाठवा.’ मागच्यासारखी म्हणजे कसली? तीन तास बरण्या उपसल्या. ‘एम’मध्ये मागच्यासारखी सापडत नाहीत. शेवटी गुलाबी पाठवली. गुलाबी कुणालाही चालतं.

मी ताई नाही, असं कळवायला हवं होतं. पण व्यवसायात गिऱ्हाइकाला विनाकारण गोंधळात टाकू नये. ‘बरं’ एवढंच लिहिलं. ‘बरं’ कुणीही म्हणू शकतं.

१४ मार्च.
एकूण अकरा. उंच शिंप्यानंच चार मागवल्या. माणूस दुकानापासून तीन गल्ल्या सोडून राहतो, तरी ऑनलाइन मागवतो. माझ्या वर्णनांचा परिणाम.

चार पाकिटं परत आली. कारणं लेखी आहेत, नियमाप्रमाणे. ‘रंग जुळला नाही.’ ‘आकार मोठा.’ ‘सदराच सापडत नाही.’ शिंप्यानं नुसतं लिहिलंय, ‘सबळ.’ पाकिटांच्या गाठी मी मारल्या होत्या तशाच. कुरिअरवाल्यांनी पुन्हा बांधल्या असाव्यात. चोख काम.

पाकिटं कोपऱ्यात ठेवली. मोजायची गरज नाही. ऑर्डर आली ती आली.

शिवाय साइटवर पहिल्या दिवसापासून सूचना आहेच: ‘जुना साठा. ताईंनी स्वतः निवडलेला. संपला की पुन्हा मिळणार नाही.’ असं लिहिलं की खप वाढतो.

१७ मार्च.
दुकानात बसूनच लिहिते आहे. आता रोज इथेच बसते. ताईच्या खुर्चीत. खुर्ची कमरेला बरी पडते, बाकी काही नाही.

हुकवालीनं आज आपणहून विचारलं, ‘ताई, तुमची धाकटी बहीण कशी आहे? इंग्रजी शाळेतली?’

बरी आहे, असं लिहिलं. मग बोटांना काय झालं कोण जाणे, विचारलं, ‘मी काय सांगायचे तिच्याबद्दल?’

उत्तर आलं: ‘सांगायचात, ती काउंटरला उभी राहिली तर दुकान आठवड्यात बुडेल.’

मी फोन उपडा ठेवला. हे शंभर टक्के ताईचंच वाक्य. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. ‘पण ती परगावी नोकरीला होती तेव्हा तिचं इंग्रजी पत्र आलं की सगळ्या गिऱ्हाइकांच्या हातात द्यायचात. कुणाला कळायचं नाही. तुम्हालाही नाही. तरी अक्षर बघा म्हणायचात.’

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवते. बाबांना एकीलाच त्या शाळेत घालणं परवडत होतं. ताईनं सातवीत दप्तर ठेवलं आणि बाबांच्या दुकानात स्टुलावर चढून बरण्या पुसायला लागली. निर्णय मोठ्यांचा होता. मी हुशार होते. ह्यात माझा काय दोष?

आणि मला मराठीत पत्र लिहिता येत होतं. का लिहिलं नाही, आठवत नाही.

२० मार्च.
एकूण सतरा.
फोन वाजला की ‘ताई’ असं उमटतं आणि मी ‘आले’ म्हणते. मोठ्यांदा. सवय मोडायला हवी. उद्यापासून.

दुपारी मागच्या फळीवर बरणी सरकल्याचा आवाज. उठून पाहिलं. सगळ्या जागच्या जागी, फक्त ‘पी’मधली एक ‘एल’मध्ये. ती मीच चुकीची ठेवली असणार. मी चुकीचं ठेवत नाही.

परत जागेवर ठेवली नाही. राहू दे तिथेच, तिला बरं वाटत असेल तर. म्हणजे बरणीला.

२४ मार्च.
एकोणीस. कोपऱ्यातला ढीग माझ्या गुडघ्याच्या वर आला आहे, त्यावर चादर घातली. तर चादरीखाली कुणी पाठमोरं बसल्यासारखं दिसायला लागलं. चादर काढली. ढीग बरा.

धागा दातानं तोडला आज. आयुष्यात पहिल्यांदा. ताईला ह्यावरून चाळीस वर्षं बोलले होते.

भाचीचा फोन. आत्या, जेवतेस ना वेळेवर, तुझा आवाज वेगळा येतोय. म्हटलं, हा मालकिणीचा आवाज आहे.

३० मार्च, सोमवार.
सव्वीस! एक जास्तच. आजच्या एका दिवसात पाच आल्या, ‘ताई’ सकाळपासून वाजत होती.

पाटी रंगवणाराही भेटला. प्रोप्रायटर म्हणून माझं नाव मोठं, खाली ताईचं. किंवा वर ताईचं. उद्या ठरवते. भाचीसाठी चार ओळींचं भाषण तयार केलं. सुरुवात: ‘काउंटरमागे उभं राहायला कंबर नाही, डोकं लागतं.’

३१ मार्च. सकाळी ११.
भाची आली. भाषण ऐकून घेतलं. मग पर्समधून पेन्सिल काढून यादी मागितली आणि कोपऱ्यात ढिगाशेजारी जमिनीवर बसली. एकेक पाकीट उचलायची, यादीतलं नाव काटायची. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं. गाठी माझ्याच होत्या. कुरिअरवाले माझ्यासारखी गाठ मारू शकत नाहीत, हे मला आधीपासून माहीत होतं.

बावीस काटली. उरली चार.

तिनं टोमणा मारला असता तर मी भांडले असते. कागद काउंटरवर ठेवला. आत्या, तुझं काही चुकलं नाही, म्हणाली. मी सही केली. सही अजून सुरेख येते.

दुपारी २.
भाची पाचला किल्ली न्यायला येणार. दुकान बंद करायचं तर गिऱ्हाइकांना रीतसर कळवायला हवं. हुकवालीच्या चॅटवर आधी इंग्रजीत लिहायला घेतलं. ‘वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू.’ पुसलं. मग लिहिलं, ‘ताई गेली. नोव्हेंबरातच. इतके दिवस मी लिहीत होते, धाकटी. सांगितलं नाही, माफ करा.’

उत्तर लगेच आलं. जणू फोन हातात धरूनच बसली होती.

‘माहीत आहे. शेवटच्या आठवड्यात मीच होते तिच्यापाशी दवाखान्यात. शिंप्यालाही माहीत आहे. सगळ्यांनाच. तुम्हाला सांगावंसं वाटेपर्यंत थांबायचं ठरलं होतं आमचं.’

मी विचारलं, मग माल परत का पाठवलात?

‘तुम्हीच लिहिलं होतंत ना, ताईनं निवडलेला साठा आहे, संपला की मिळणार नाही. आम्ही ठेवून घेतला असता तर तुम्ही बसला असतात कशाजवळ?’

संध्याकाळी ६.
किल्ली दिली. भाचीनं घरी सोडते म्हटलं, नको म्हटलं. ती गाडीत बसून गेली. मी कोपऱ्यापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं. शटरखालच्या फटीतून उजेड येत होता. दुपारच्या त्या निरोपानंतर मी आतला दिवा न मालवताच बाहेर पडले होते, आणि किल्ली आता माझ्याकडे नव्हती.

हातात पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई दुकानापाशी थांबली. वाकून फटीतून पाहिलं, मग मला विचारलं, उघडलं वाटतं दुकान?

मी म्हटलं, ‘नाही हो. आत कुणी नाही.’