ड्रायव्हरबाईची पोटदुखी

३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आई तिखटमीठ लावून सांगेल, त्याआधी मीच कळवते. काल बस मध्येच उभी करावी लागली. पाळीचा दुसरा दिवस होता. कशीबशी थांब्याला गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं, मग उठताच येईना. प्रवासी मात्र चांगले. कुणी पाणी दिलं, एका आजोबांनी तर बस आपण चालवू का, असंही विचारलं!

डेपोचे साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर तिकीट खिडकीवर बसवू. मला खिडकी नकोय गं, माझी बस हवीय. आई म्हणते, बायकांना दुखतंच, तिनेही सोसलं आणि वर शाळेच्या मैदानावर पोरांची कवायत घेतली. डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफी स्वच्छ आहे, लग्न झालं की थांबेल. नवरा हे औषध कुठल्या दुकानात मिळतं, ठाऊक असेल तर कळव.

लोभ आहेच, वाढवायला जागा असेल तर वाढव.
तुझी,
ड्रायव्हरबाई

९ मार्च

चि. ड्रायव्हरबाईस,
अ. उ. आ.

ते औषध माझ्या घरी कधीचं आहे. सोफ्यावर पेपर वाचत पडलेलं असतं. माझी साधी कंबरदुखी त्याने गेली नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या सलूनमध्ये एक नर्सबाई माझ्याकडून केस कापून घेत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. रागावू नकोस, कोणाची कोण ते नाही सांगितलं. त्या ताडकन वळल्या, एक बट नको तितकी कापली गेली. म्हणाल्या, हा एंडोमेट्रिओसिस असू शकतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, अंडाशयावर, आतड्यावर वाढतो आणि जीव नकोसा करतो. सोनोग्राफीत तो दरवेळी दिसतोच असं नाही. तुमच्या मोठ्या इस्पितळात यातल्या जाणकार डॉक्टरीणबाई आहेत. लगेच जा, आणि आईला ओढून ने.

जपून राहा, नाहीतर मी येऊन कान धरीन.
तुझी,
मावशी

२० जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

कालपासून माझी बस पुन्हा माझ्या ताब्यात! दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, आजार तोच निघाला. तो पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून गोळ्या आणि तपासण्या चालूच राहतील. पण आता महिना कधी उलटतो ते कळतही नाही. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचून साहेबांनी दार लोटलं आणि हळूच विचारलं, त्यांच्या बायकोलाही असंच दुखतं, कुणाला दाखवावं?

आईचं मात्र ऐक. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या, कुठे दुखतं, कधीपासून, आणि उत्तरं आईच देत होती. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं, ती स्वतःबद्दल सांगतेय. न्हाणीघराच्या गार फरशीवर पडून राहायची आणि आम्हाला सांगायची, कपडे धुतेय. डॉक्टरीणबाईंनी तिला अडवलं नाही. बाहेर आल्यावर आई म्हणाली, इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

परवा आईच्या शाळेत, मैदानात कवायत चालू असताना एक पोरगी पोट धरून खाली बसली. आईने तिला घरी पोचवलं. तिची आई म्हणाली, अहो बाई, दुखतंच. आईने तिथेच खुर्ची ओढली, चहा मागितला आणि बसकण मारली. दिवेलागण झाली तरी उठेना. शेवटी इस्पितळात यायचं कबूल करून घेतलं, तेव्हा कुठे चपला घातल्या.

माझी फेरी सुटायची वेळ झाली. काकांना नमस्कार, तुला घट्ट मिठी.
तुझीच,
ड्रायव्हरबाई