दोन ब्रेकांची गाडी

मी, मोटार चालवायला शिकवणारी बाई, वय झालेली पण डोकं आणि पाय दोन्ही शाबूत असलेली, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी स्थिर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्या माझ्याच विद्यार्थिनी. रिव्हर्स घेताना त्यांनी आमचं फाटक आडवं केलं होतं, तरी दाखला ग्राह्य धरावा.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या यजमानांना, म्हणजे यांना, मिळावी. यांच्यानंतर मुलाला. यात वाद नाही.

२. वाद आहे तो गाडीचा. शिकवणीची ही छोटी गाडी गिअरची, काच हाताने फिरवून खाली करायची, आणि शेजारच्या सीटपाशी माझ्यासाठी जादा ब्रेक-क्लच बसवलेली. मुलगा म्हणतो, भंगारात द्या. धाकटे दीर स्वतःला जाणकार समजतात. आजच्या कोणत्या गाड्या उद्याचे संग्राहक डोक्यावर घेतील, हे ते जेवताना घास हातात धरून सांगतात. मोजक्याच निघालेल्या विजेवरच्या गाड्यांपैकी एक त्यांनी घेऊन ठेवली आहे. सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. उभ्या उभ्या तिची बॅटरी मेली, तेव्हा "वहिनी, जरा सोडता का?" म्हणत माझ्याच गाडीतून घरी गेले.

माझं भाकीत लेखी नोंदवते. जी गाडी सगळेच जपून ठेवतात ती पुढे ढिगाने मिळेल. जी सगळ्यांनी वापरली, आपटली आणि मागे वळून न बघता भंगारात घातली, तिच्यासाठी लोक गल्लोगल्ली हिंडतील. गिअर गेले की गिअर शिकवणाऱ्या गाड्या कितीशा उरणार? म्हणून ती विकू नये. जादा पेडलं काढून तिला मूळ रूपात आणण्याचा दिरांचा सल्लाही ऐकू नये. दिरांना मी गाडीचं कव्हर देते. कोरं आहे, त्यांच्या उपयोगी पडेल.

३. गाडी यांना मिळावी. अट एकच, यांनी ती चालवायला शिकावी. लग्नानंतर पहिल्याच धड्याला आम्ही दोघांनी एकदम ब्रेक दाबला, कपाळं शेकून निघाली, आणि हे खाली उतरून म्हणाले, "तू आहेस ना, मग मी कशाला शिकू?" तेव्हापासून यांना रोज यांच्या चष्म्याच्या दुकानात सोडणं-आणणं माझ्याकडे. मला ते आवडायचंही. पण माझ्यामागे हे फाटकाशी उभे राहून कोणाची वाट बघणार, या विचाराने जीव कासावीस होतो. गाडीची किंमत वाढो न वाढो, यांचं अडू नये.

४. सुनेने यांना शिकवावं, अशी तरतूद होती. मसुदा वाचून दाखवला तर हे बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "सुनेसमोर लाज वाटेल. तूच शिकव." सबब हे कलम रद्द.

सही: मृत्युपत्र करणारी. अक्षर हललं आहे, कारण गाडी चालू आहे.

स्थळ: शेजारची सीट.

दिनांक: यांचा पहिला गिअर पडला तो दिवस. आकडा वकिलांनी घालावा.

साक्षीदार: समोरचा पंक्चरवाला आणि डॉक्टरीणबाई. त्यांच्या सह्यांसाठी गाडी फाटकाशी थांबवली. ब्रेक यांनी दाबला. मी दाबला नाही.