लेकींचे पैसे परत

मु. पो. बाभुळगाव

तीर्थस्वरूप विमलताईस,

धाकट्या घनश्यामचा वाकून नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? (तेल गरम करून चोळायला सांग. ते ऐकणार नाहीत, तरी सांग.) इकडे आम्ही खुशाल आहोत. अर्पिताला सातवा लागलाय. माझ्यासारख्या निवृत्त कंडक्टरला घरात कुणी काम सांगत नाही, म्हणून मी समाजकार्यात पडलो. त्याचीच ही हकीकत. तू हंसाबाईसाठी पाठवलेले पैसे एकवीस रुपये जास्त घेऊन परत आले, तेव्हा तू चक्रावली असशील. रागावू नकोस, आधी सगळं ऐक.

पोळ्याच्या आधी हंसाबाईचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला, हे तुला माहीत आहेच. ऐंशीला टेकलेली बाई, शेळ्यांना चारा कापायला बसली आणि मनगटापासून हात गेला. दवाखान्यात रडली नाही. घरी आल्यावर मात्र मला म्हणाली, "तेल लावलेलं बाळ लय निसटते, घनश्या. एका हातानं न्हाऊ घालता येत नाई." गावातल्या तीन पिढ्यांना हिनं पाटावर पाय पसरून न्हाऊ घातलं. तिच्या हातावर आलेली पहिली लेक तू, हे ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. नागपूरला बाळाला आधार देता येईल असा हात बसवून मिळतो, पण तो पैशाशिवाय मिळत नाही. तेव्हा आपल्या सूनबाईनं, म्हणजे अर्पितानं, फोनवरून पैसे गोळा करायची मोहीम काढायचं ठरवलं.

व्हिडिओत दुःख दिसलं पाहिजे, असं अर्पिताचं म्हणणं. हंसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली, तुटका हात पदराखाली झाकून बसली आणि कोणती पोर जन्मताना किती रडली ते हसत हसत सांगू लागली. मग निवेदन मी केलं. आजोबांपासून सुरुवात केल्यामुळे ते बावीस मिनिटांचं झालं. अर्पितानं कापून दीड मिनिटाचं केलं, त्यात बहुतेक मीच उरलो. थंडीमुळे मी शाल पांघरून बसलो होतो, एकच हात बाहेर. झालं! लोकांनी मलाच धीर द्यायला सुरुवात केली. लोहाऱ्याच्या साडूनं तर फोन करून विचारलं की आता जेवता कसे. (मी 'पूर्वीसारखाच' म्हणालो, तर तो गहिवरला.)

चूक दुरुस्त करून व्हिडिओ पुन्हा टाकला. अर्पितानं तो गावच्या, सासरी गेलेल्या लेकींच्या ग्रुपवर धाडला आणि ताई, काय सांगू, पैशांची रीघ लागली. पुण्याहून, सुरतेहून, पार दुबईहूनसुद्धा. चार दिवसांत हाताची सोय झाली. मी पेढे आणले.

पेढे खाता खाता हंसाबाईनं विचारलं, कोणी कोणी दिले? बँकेचं केंद्र चालवणाऱ्या गझालानं नावं वाचायला घेतली. विमल, दीपा, सलोनी... सगळ्या पोरीच. हंसाबाईनं पेढा खाली ठेवला. "लेक माहेरातून नेते, देत नाई. तिचे पैसे मी कोन्या तोंडानं घेऊ?" मी समजावलं, अर्पितानं समजावलं. गझाला म्हणाली, मी तर गावातच राहते. तर पहिले पैसे तिचेच परत झाले. मग डावा अंगठा लावून पैसे काढायचे आणि गझालाच्या फोनवरून एकेकीला परत पाठवायचे, असा सपाटा सुरू झाला. वर लेकीला रिकाम्या हातानं कसं धाडायचं, म्हणून प्रत्येकीला चोळीचे एकवीस रुपये स्वतःच्या निराधार योजनेच्या पैशांतून. मोहिमेत जवळ होते ते पैसेही गेले, असं जगात फक्त आपल्याकडंच होत असेल.

गावच्या मुलग्यांचे पैसे तिला चालतात. पण त्यांनी पैशांऐवजी नुसती हात जोडल्याची चित्रं पाठवली होती. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. हाताचं माप द्यायची तारीख पंधरा दिवसांवर आली आहे.

असो. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
घनश्याम

ता. क. – परवा हंसाबाई घरी आली आणि डावा हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "तू जलमला तवा रडलाच नवता. मले वाटलं, पोरगं मुकं निघते. पन चांगला निघाला रे." माझ्या नावानं पाच हजार जमा झालेत म्हणे. ताई, मी एक रुपयाही दिला नव्हता. नुसता बोलत होतो. पैसे नाशिकहून, तुझ्याकडून आले, हे गझालानं हळूच सांगितलं. मी मान खाली घालून आशीर्वाद घेतला. लाज वाटली.

ता. क. दुसरा – पत्राचं खरं कारण हे. बाकीच्या पोरींनाही तुझी युक्ती सांग. आपापल्या भावाच्या नावानं पाठवा म्हणावं. भाऊ नाही म्हणणार नाहीत. त्यांची माझ्यासारखी मान खाली गेली, तर तेवढं चालेल.

ता. क. तिसरा – काल मी स्वतःचे पाच हजार भरले. माझं नाव तू वापरून टाकलेलं, म्हणून तुझं घातलं. तासाभरात माझ्याकडे पाच हजार एकवीस परत आले. आता आमच्या पोराच्या, अंकुरच्या नावानं भरलेत, ते टिकले. एकवीस रुपये मात्र तुझे आहेत. ते फोनवरून पाठवणार नाही. अर्पिताच्या बाळाला हंसाबाई दोन हातांनी पहिल्यांदा न्हाऊ घालेल, तेव्हा ये आणि घेऊन जा.