भिंतीवरचा वेल

तीर्थरूप आईस,
धाकटीचा साष्टांग नमस्कार.

देवाच्या कृपेने आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस ना?

तुझी नात आणि इमारतीतली पोरं मिळून रस्त्याकडच्या भिंतीवर बाहेरून चित्र काढताहेत. उरलेसुरले रंग मागून आणतात, म्हणजे खर्च नाही. भिंतीला खालून एक तडा होता. त्याचाच त्यांनी वेल केला आणि दोन्ही बाजूंना पानं रंगवली.

तडा वाढला की पोरं नाचतात, "आपला वेल वाढला!" आणि नवी पानं काढतात. घरमालकांना दाखवला, तर हसून म्हणाले, "वहिनी, आता फुलंही येऊ द्या!" हे म्हणतात, एवढ्या भाड्यात दुसरी जागा कुठे मिळणार?

तू काळजी करू नकोस. फक्त बरं वाटत नाही असं नातीला लिही, म्हणजे ती तुझ्याकडे येईल. एरवी चित्र सोडून हलायची नाही. या खोट्याबद्दल देवाची क्षमा मीच मागेन.

आज सकाळी दिवा लावताना देवाच्या फळीमागे तोच वेल दिसला. आतल्या बाजूने त्याला पानं नाहीत.

पत्र पोचताच लिही, आई.

तुझी,
धाकटी