दहा लिटर तेलाला दोन लिटर मिथेनॉल

शुक्रवार, १९ ऑगस्ट २००५
साबण झाला! दहा लिटर तेलाचा पिवळा, चिकट साबण! समोसेवाल्याचं जुनं तेल चार वेळा गाळलं, तापवून कोरडं केलं, कॉस्टिक सोडा ग्रॅमवर मोजला. चूक अल्कोहोलची. पॉलिशवाल्याचं स्पिरिट स्वस्त, पण त्यात पाणी. पाणी असलं की बायोडिझेल होत नाही, साबण होतो. वाचलं होतं, तरी स्वस्त म्हणून घेतलं. चूक माझी – लिहून ठेवतो.
लतिका म्हणाली, "अहो, भांड्यांना बरा आहे. एवढंच करत जा."

शनिवार, २० ऑगस्ट
दिल्लीचा तिलक बाजार, सगळा रसायनांचा. आठ दुकानं. बिनपाण्याचं अल्कोहोल, म्हणजे शुद्ध मिथेनॉल, आहे, पण "दो सौ लीटर से कम नहीं. फर्म का लेटरहेड लाओ." एकाने विचारलं, "पीने के लिए तो नहीं चाहिए, अंकल?" विष आहे ते! डोळे कसे जातात, दहा मिनिटं समजावलं. तरी दिलं नाही.

रविवार, २१ ऑगस्ट
सोसायटीची मीटिंग. दिल्लीला लागूनच्या आमच्या वैशालीत रोज सातला लाईट जाते आणि जनरेटर डिझेल पितो. मी उभा राहिलो – माझ्या इंधनावर चालवून दाखवतो! सेक्रेटरी चोप्राजी म्हणाले, "पेंडसेजी, आप तो ड्राफ्ट्समैन हो ना? केमिस्ट कब से बने?" सगळे हसले. लतिका खाली मान घालून बसली होती.
ठरलं: ४ सप्टेंबर, लाईट गेल्यावर, सगळ्यांसमोर पंधरा मिनिटं. आठपर्यंत जमलं नाही तर पंपघरामागचा, तेल तापवायचा माझा कोपरा रिकामा करायचा.
"बरंच होईल," लतिका जिन्यात म्हणाली. "कपड्यांचा वास तरी जाईल."

शनिवार, २७ ऑगस्ट
सापडलं!! कॅन्टोन्मेंटमधले निवृत्त सुभेदार नरसिंहराव – आमच्या गणेश मंडळातले – छोटी मॉडेल विमानं उडवतात. त्यांचं इंधन काय? मिथेनॉल आणि एरंडेल! क्लबच्या नावाने ड्रम येतो. खरेदीच्याच भावात चार लिटर दिलं. "फक्त हातमोजे घाल रे बाबा," म्हणाले. मी घालतोच.

शनिवार, ३ सप्टेंबर
या वेळी बायोडिझेलच झालं! तीनदा धुतलं, निथळू दिलं, वाळवलं. बाटलीपलीकडचा पेपर वाचता येतो – लहान जाहिरातीसुद्धा.

रविवार, ४ सप्टेंबर, ७.३५
चष्मा न्यायला वर आलोय. लाईट गेलेलीच नाही! महिनाभर एक दिवस चुकली नाही, आणि आज पंखे गरगर! खाली चाळीस माणसं. चोप्राजी घड्याळ दाखवतात – "आठ बजे तक, पेंडसेजी. शर्त शर्त है."

सोमवार, ५ सप्टेंबर
काल पावणेआठला अंधार. टाळ्या! जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू – सव्वीस मिनिटं, लिफ्ट वर-खाली, काळा धूर नाही. चोप्राजींनी मिठी मारली. कोपरा माझा.
मग समोरच्या सोसायटीकडे लक्ष गेलं. तिथे सगळे दिवे चालू. पंपघरात डोकावलो. आमचा मेन स्विच खाली पाडलेला, शेजारी लतिका.
"अहो, इथे काय बघताय? तिकडे लिफ्ट चाललीय, ती बघा."