भिंतीवर टांगायचे शास्त्रज्ञ

ती. थोरल्या आत्यांना,

तुमच्या हेरिनचा कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार. (पत्रात ते दिसत नाही, पण टेकवलं आहे असं धरून चालावं.) इकडे सगळे खुशाल. बाबांचा खोकला आहे तसाच आहे, आणि बाबाही. काळजी आहे ती तुमच्या गुडघ्याची. गेल्या वर्षी इथल्या शिंपल्यांच्या उत्सवात तुमच्या गावच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणून तुम्ही मंचावर बसलात आणि ऐन भाषणात मंच एका बाजूने चिखलात खचला, तेव्हापासून तो गुडघा काही ताळ्यावर नाही. मंच बांधणाऱ्याचा तुम्ही त्या दिवशी जो उद्धार केलात, तो अजून बाजारात सांगतात. असो. सोबत एक लाकडी स्टूल पाठवत आहे. त्यावर पाय ठेवूनच पुढचं वाचावं, कारण पत्र लांबणार आहे.

तुम्ही पाठवलेले तिन्ही फोटो मिळाले. छुसकच्या सणाला तुम्ही येणार आणि त्यातला एक माझ्यासाठी पक्का करूनच परत जाणार, हेही कळलं. ग्वांगजूच्या दंतवैद्याचे दात खरंच चांगले आहेत. उत्तराला उशीर झाला, कारण मी इकडे वेगळ्याच स्थळांच्या मागे होते.

झालं असं की, पाचवी-सहावीच्या प्रत्येक वर्गाने एकेका जुन्या शास्त्रज्ञाचा वर्षभर अभ्यास करायचा आणि त्याचं चित्र वर्गात टांगायचं, असं शाळेत ठरलं. विज्ञान मी शिकवते, म्हणून नावं मी काढायची. काढली. मग ती मंजूर करायला समिती बसली. मुख्याध्यापक नाम साहेब, आणि पालकांतर्फे औषधांचं दुकान चालवणारी गाऊलची आई आणि दोह्योनचे आजोबा (यांना गावातल्या प्रत्येक घराच्या सात पिढ्या तोंडपाठ). नाम साहेब सुरुवातीलाच म्हणाले की, पोरं ज्याचं तोंड रोज बघणार त्याच्यासारखी होणार, तेव्हा माणसं नीट पारखून घ्या. इथेच माशी शिंकली.

पहिला न्यूटन. आजोबांनी विचारलं, मुलंबाळं किती? मी म्हटलं, त्याने लग्नच केलं नाही. "मग त्याचं श्राद्ध कोण घालतं?" याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. न्यूटन बाद. आइनस्टाइनची दुसरी बायको त्याची मावसबहीण होती हे कळल्यावर आजोबांनी चहाचा पेला खाली ठेवला. (आपल्याकडे एका कुळातलं लग्न म्हटलं तरी लोक कानाला हात लावतात, इथे तर सख्ख्या मावशीची मुलगी.) मी घाईघाईने डार्विन पुढे केला, तर त्याची बायको मामेबहीण निघाली. "ही माणसं घराबाहेर पडतच नव्हती का?" आजोबांनी विचारलं. डार्विन जहाजातून जगभर फिरून आला होता, असं मी सांगितलं. "आणि येऊन मामाच्याच दारात उभा राहिला," आजोबा म्हणाले. केप्लरच्या आईवर चेटकीण म्हणून खटला झाला होता. गाऊलची आई म्हणाली की, सासू म्हणून विचार करा जरा. मेरी क्युरीला तर तिनेच हात जोडले. "आमची पोरं आधीच शिकवण्या आटपून रात्री दहाला घरी येतात. काम करता करता माणूस मरतो, हे त्यांना आणखी शाळेत शिकवू नका."

एव्हाना बाकीच्या नावांवर मी पाणी सोडलं होतं. एकच नाव मला मनापासून हवं होतं, जांग योंग-सिल. आपल्याच देशाचा माणूस, त्याला कोण नाही म्हणेल? तिघांनी म्हटलं. आई कलावंतीण, म्हणून जन्माने गुलाम, इथून आजोबांची सुरुवात. राजाने त्याला वर आणलं आणि त्याने आपोआप तास वाजवणारं पाण्याचं घड्याळ केलं, हे मी सांगितलं. पण पुढे त्याच्या देखरेखीखाली केलेली राजाची पालखी मोडली, त्याला फटके बसले, आणि त्यानंतर त्याचं काय झालं ते कुठेच लिहिलेलं नाही. "म्हणजे शेवटी नोकरी गेलीच," असं म्हणून नाम साहेबांनी फुली मारली.

आत्या, मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. नाम साहेबांसमोर मी कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढला. "घड्याळ चाललं ते कुणी विचारत नाही आणि पालखी मोडली ती सगळ्यांच्या लक्षात. एका मोडलेल्या वस्तूवरून अख्खा माणूस भंगारात काढायचा का?" एवढं बोलून मी खाली बसले आणि रडू येऊ नये म्हणून खिडकीबाहेर बघत राहिले.

मग गाऊलची आई म्हणाली, "आमचे हे तीनदा नापास झाले होते. एवढं खोदून बघितलं असतं, तर या गावात एकाचंही लग्न झालं नसतं."

आजोबांनी दाढी कुरवाळली. मग त्यांनी विचारलं, "राजाला लागलं होतं का?"

"राजा पालखीत होता असंसुद्धा कुठे लिहिलेलं नाही."

"मग लावा त्याला."

एकदा दार उघडल्यावर बाकीचेही आत आले, न्यूटनसुद्धा. त्याच्यासाठी आजोबांची अट एवढीच की, त्याच्या तिथीला वर्गाने फळं आणि तांदळाचे केक मांडून दोनदा वाकावं. परकं असलं म्हणून काय झालं, माणूस उपाशी राहू नये, असं त्यांचं म्हणणं. पाचवीच्या मुलांनी केक कोण आणणार ते वाटूनही घेतलं आहे.

गुडघ्याला जपावं. सर्वांना नमस्कार.

तुमची आज्ञाधारक,
हेरिन

ता. क. तिन्ही फोटो परत पाठवत आहे. दंतवैद्यात काही खोट नाही, पण मी माणूस निवडला आहे. नाव ओक जेहो, वय अडतीस. गेल्या वर्षापर्यंत नगर कार्यालयात अभियंता होता, सध्या होड्या आणि आमच्या शाळेतली बाकं दुरुस्त करतो. तुमच्या ओळखीचाच म्हणायचा. उत्सवातला मंच त्यानेच बांधला होता. दुसऱ्या दिवशी मंचावरच्या प्रत्येकाच्या घरी जाऊन त्याने माफी मागितली. तुमच्या गावीही आला होता, पण तुम्ही दार उघडलं नाहीत.

आणखी एक ता. क. तुमचा पाय आता ज्या स्टुलावर आहे, तेही त्यानेच केलं आहे. इथपर्यंत वाचून होईतो ते मोडलं नसेल, तर सणाला त्याला जेवायला बोलावू का, तेवढं कळवावं.